कुमारांच्या साखळीत उतरलेला व्यावसायिक क्लब : गोल्ड कोस्टचा २००९ चा पहिला हंगाम

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यातील कॅरारा हे मैदान मराठी वाचकांना अगदीच अनोळखी नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगलीच्या स्मृती मानधनाने गुलाबी चेंडूच्या कसोटीत १२७ धावांची खेळी केली ती याच मैदानावर, आणि २०१८ च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत बीडच्या राहुल आवारेने कुस्तीचे सुवर्णपदक जिंकले ते याच मैदानालगतच्या बंदिस्त सभागृहात. मात्र एरवी वर्षभर हे मैदान ना क्रिकेटचे असते, ना कुस्तीचे. ते ज्याचे घर आहे तो क्लब ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा असून त्याचे नाव गोल्ड कोस्ट सन्स आहे. हा क्लब २०११ पासून देशातील सर्वोच्च व्यावसायिक साखळीत, म्हणजे एएफएलमध्ये खेळतो; परंतु त्याचा पहिला हंगाम त्या साखळीत झालाच नाही. २००९ मध्ये, ‘सन्स’ हे नाव ठरलेले नाही, घरच्या मैदानाची नवी बांधणी सुरू झालेली नाही आणि प्रौढ खेळाडूंचा संघही हाताशी नाही, अशा अवस्थेत तो शेजारच्याही नव्हे, तर त्याच्या पलीकडच्या व्हिक्टोरिया राज्यातील १८ वर्षांखालील मुलांच्या स्पर्धेत उतरला. व्यावसायिक क्लबाला शाळकरी वयाच्या मुलांमध्ये आधी का बसवले, त्यातून काय साधले आणि काय साधणे मुळातच शक्य नव्हते, हा या प्रकरणाचा विषय आहे.

खेळाची ओळख येथे गरजेपुरतीच करून देतो, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्याच्या स्वरूपावर उभा आहे. हा खेळ क्रिकेटच्या लंबगोल मैदानावर, लंबगोल चेंडूने, प्रत्येकी १८ खेळाडूंमध्ये खेळला जातो. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून पायाने मारलेला चेंडू गेला की ६ गुण, आणि मधला व बाजूचा खांब यांच्यामधून गेला तर १ गुण. चेंडू हाताने फेकता येत नाही, एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसावा लागतो. सहकाऱ्याने किंवा प्रतिस्पर्ध्याने पायाने मारलेला आणि किमान १५ मीटर अंतर कापून आलेला चेंडू हवेतच झेलला, तर झेलणाऱ्याला निर्वेधपणे पुढचा फटका मारण्याचा हक्क मिळतो. ऑफसाइडचा नियम नाही, त्यामुळे प्रतिस्पर्धी समोरूनच येईल याची खात्री नसते. चेंडूकडे मान वर करून धावणाऱ्या खेळाडूला धडक कुठल्याही दिशेने बसू शकते. १७ वर्षांच्या मुलाची धडक आणि २६ वर्षांच्या पुरुषाची धडक यांतला फरक या खेळात कौशल्याने भरून निघत नाही, हे लक्षात ठेवले की पुढचे बरेच काही आपोआप समजते.

कॅराराची जुनी जखम

गोल्ड कोस्टवर क्लब काढण्याचा हा पहिला प्रयत्न नव्हता. १९८७ मध्ये ब्रिस्बेन बेअर्स नावाचा क्लब त्या वेळच्या सर्वोच्च साखळीत थेट दाखल झाला होता आणि नावात ब्रिस्बेन असूनही कॅरारावर खेळत होता. त्याची संघबांधणी अन्य क्लबांनी सोडून दिलेल्या खेळाडूंमधून झाली. पहिलाच सामना त्याने मेलबर्नच्या एमसीजीवर नॉर्थ मेलबर्नविरुद्ध जिंकला. जुळवाजुळव केलेल्या प्रौढ संघाला असा एखादा दिवस गाठता येतो. पण त्या हंगामात त्याचे विजय ६ वरच थांबले, पुढे १९९० आणि १९९१ अशी सलग दोन वर्षे तो तळाला राहिला, मालकी हात बदलत राहिली, १९९३ मध्ये क्लबाने कॅरारा कायमचे सोडून ब्रिस्बेनच्या गाबा मैदानाची वाट धरली आणि १९९६ च्या अखेरीस फिट्झरॉय क्लबात विलीन होऊन तो ब्रिस्बेन लायन्स झाला. गोल्ड कोस्ट शहराच्या वाट्याला आले ते एक ओस मैदान आणि ‘येथे क्लब टिकत नाहीत’ ही ख्याती. रग्बी लीग आणि बास्केटबॉलच्या क्लबांनीही त्या ख्यातीत पुढे-मागे भर घातली.

त्याच १९८७ मध्ये दुसरा एक नवा क्लब त्याच साखळीत आला होता, पर्थचा वेस्ट कोस्ट ईगल्स. त्याच्यामागे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या जुन्या, भरभक्कम स्थानिक साखळीत वाढलेले खेळाडू होते. पाच वर्षांत, म्हणजे १९९२ मध्ये, तो विजेता झाला आणि १९९४ मध्ये पुन्हा झाला. दोन नवे क्लब, प्रवेशाचे वर्ष एक, आणि फळे इतकी वेगळी. यातून जो निष्कर्ष निघतो तो साधा आहे : नव्या क्लबाला पैशापेक्षा आपल्या मातीत वाढलेल्या खेळाडूंची फळी अधिक लागते. आणि क्वीन्सलंड हे रग्बी लीगचे राज्य असल्यामुळे ती फळी तेथे आयती मिळणार नव्हती. ईगल्सच्या त्या दोन्ही विजेत्या संघांत बचावफळीत खेळलेला, पुढे कर्णधार झालेला आणि त्या क्लबाकडून २६७ सामने खेळलेला गाय मॅकेना हाच गोल्ड कोस्टचा पहिला प्रशिक्षक म्हणून निवडला गेला. ही निवड त्या जुन्या धड्याला धरून झाली की केवळ योगायोगाने, हे कागदोपत्री सिद्ध करता येणार नाही. पण एका नव्या क्लबाची यशस्वी बांधणी आतून पाहिलेला माणूस दुसऱ्या नव्या क्लबावर आला, एवढे निश्चित.

नव्या क्लबापूर्वी साखळीने सोपा मार्गही आजमावून पाहिला होता. मेलबर्नमधील आर्थिक ओढाताणीत असलेल्या नॉर्थ मेलबर्न क्लबाने सगळा बाडबिस्तरा गोल्ड कोस्टला हलवावा, असा तो प्रस्ताव होता. डिसेंबर २००७ मध्ये त्या क्लबाने तो नाकारला. त्यानंतर ‘जीसी १७’ या नावाने स्थानिक मंडळींचा गट उभा राहिला, म्हणजे गोल्ड कोस्टचा, साखळीतला सतरावा, आणि मार्च २००९ च्या अखेरीस परवान्यावर शिक्कामोर्तब झाले. मधल्या काळात कुमार स्पर्धेचा हंगाम तोंडावर आलेला होता. म्हणजे परवाना हातात पडेपर्यंत थांबून मग खेळाडू शोधणे, हा क्रम येथे पाळलाच गेला नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या.

बाकीचे बारा संघ आणि हा तेरावा

ज्या स्पर्धेत गोल्ड कोस्ट उतरला तिचे तेव्हाचे नाव टीएसी कप. रस्ते अपघातग्रस्तांना भरपाई देणारी आणि सुरक्षित वाहनचालनाचा प्रचार करणारी व्हिक्टोरिया सरकारची संस्था तिची प्रायोजक होती. १९९२ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा जिल्हावार विभागणीवर चालते. मेलबर्नच्या उपनगरांतून सहा-सात आणि जिलाँग, बेंडिगो, बॅलराट, गिप्सलँड, मरे नदीकाठ अशा ग्रामीण पट्ट्यांतून बाकीचे, असे व्हिक्टोरियाचे एकूण १२ संघ त्यात होते.

या १२ संघांचे प्रयोजन समजून घेतल्याशिवाय गोल्ड कोस्टची विसंगती डोळ्यांत भरत नाही. एएफएलमध्ये नवोदित खेळाडू आपला क्लब निवडत नाही. दर वर्षअखेरीस होणाऱ्या ‘ड्राफ्ट’मध्ये क्लब क्रमाक्रमाने खेळाडूंची नावे पुकारतात आणि ज्याचे नाव ज्या क्लबाने घेतले त्याने तेथे जायचे. आयपीएलसारखा हा लिलाव नव्हे. येथे बोली पैशाची नसून पाळीची असते आणि तळाच्या क्लबाला पहिली पाळी मिळते. टीएसी कप म्हणजे या ड्राफ्टचे सर्वांत मोठे बाजारपेठेचे मैदान. उपनगरी मैदानाच्या कठड्यापाशी वही घेऊन उभे असलेले क्लबांचे पारखी हे तेथील प्रेक्षकांइतकेच नेहमीचे दृश्य. त्यामुळे वेस्टर्न जेट्स असो की डँडेनाँग स्टिंगरेज, त्या संघाच्या व्यवस्थापकाला वर्षअखेरीस विचारला जाणारा खरा प्रश्न ‘कितवे आलात?’ हा नसून ‘किती मुले निवडली गेली?’ हा असतो. संघातली उत्तम मुले निघून जाणे हेच तेथे यश. ज्या मुलाने सोळाव्या वर्षी संघात पाय ठेवला, तो अठरा पूर्ण होताच उत्तम प्रकारे हातातून सुटावा यासाठीच सारी यंत्रणा राबते.

गोल्ड कोस्टचे प्रयोजन याच्या नेमके उलटे होते. या मुलांनी कोठेही जायचे नव्हते. आज ज्याच्याबरोबर खेळायचे त्याच्याबरोबर दोन वर्षांनी गाबावर भरल्या मैदानासमोर उतरायचे, या हिशेबाने त्यांना एकत्र आणलेले होते. क्वीन्सलंडमधील तरुण खेळाडूंवर नव्या क्लबाला साखळीने पहिला हक्क दिला होता, आणि रोरी थॉम्पसन, झॅक स्मिथ, केर्न्सकडचा चार्ली डिक्सन अशी पुढे एएफएलपर्यंत पोहोचलेली नावे या राज्यांतर्गत हक्कातूनच क्लबाकडे आली. म्हणजे एका बाजूला पाठवणीसाठी सजलेले १२ संघ आणि दुसऱ्या बाजूला नांदायला आलेला एक, अशी ही साखळी होती. माझ्या मते संपूर्ण प्रकरणाची गुरुकिल्ली येथे आहे : एकाच गुणतक्त्यावर दोन भिन्न हेतूंचे संघ मांडले गेले होते, आणि म्हणून तो गुणतक्ता गोल्ड कोस्टविषयी फारसे काही सांगण्याच्या अवस्थेतच नव्हता.

यात आणखी एक व्यावहारिक गुंता आहे. टीएसी कपमधील संघ आठवड्यागणिक बदलतो. मेलबर्नच्या मोठ्या खासगी शाळांत शिकणाऱ्या मुलांवर शनिवारी शाळेच्या संघाकडून खेळण्याचे बंधन असते, त्यामुळे शाळेचा हंगाम चालू असेपर्यंत काही संघांचे पहिल्या प्रतीचे खेळाडू उपलब्धच नसतात. हंगामाच्या मध्यावर राज्याराज्यांमधील १८ वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धा येते, तेव्हा उरलेले चांगले खेळाडू राज्याच्या शिबिरात जातात. मे महिन्यात ज्या संघाला हरवले तो ऑगस्टमध्ये त्याच नावाचा पण वेगळाच संघ असू शकतो. उलट गोल्ड कोस्टकडे मुख्यतः ठरलेला चमू, पूर्णवेळचा प्रशिक्षक आणि व्यावसायिक क्लबाची व्यवस्था होती. अशा स्पर्धेतील विजय-पराजयाच्या आकड्यांवरून पुढच्या काळाचा अंदाज बांधणे म्हणजे वराकडच्या मानपानावरून संसाराचा अंदाज बांधण्यासारखे होते. तरीही ते केले गेलेच; कोठलाही नवा क्लब जिंकला की वर्तमानपत्रांना मथळा हवा असतो.

त्या हंगामाचे विजेतेपद काल्डर कॅनन्स या मेलबर्नच्या वायव्येकडील संघाने पटकावले. गोल्ड कोस्टच्या दृष्टीने या विजेत्या संघाचे महत्त्व वेगळ्याच कारणासाठी आहे. साखळीने दिलेल्या सवलतींपैकी एक अशी होती की, १९९२ च्या जानेवारी ते एप्रिल या चार महिन्यांत जन्मलेल्या, म्हणजे वयाची अट बदलल्यामुळे २००९ च्या ड्राफ्टला काही आठवडे किंवा महिन्यांनी मुकणाऱ्या मुलांपैकी १२ जणांना नवा क्लब थेट करारबद्ध करू शकत होता. या बारा जणांत काल्डर कॅनन्सचे जॉश टॉय आणि टेलर हाइन होते, वेस्टर्न जेट्सचा ट्रेंट मॅकेंझी होता, ज्याच्या डाव्या पायाच्या लांबलचक फटक्यांची पुढे बरीच चर्चा झाली, टास्मानियातील बर्नी गावचे ल्यूक रसेल आणि मॅव्हरिक वेलर होते, आणि पर्थचा ब्रँडन मटेरा होता. मटेराचा काका पीटर हा १९९२ आणि १९९४ च्या विजेत्या ईगल्स संघांत मॅकेनाचा सहकारी होता. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये घराणी आपल्याकडच्या तालमींसारखी चालतात, त्याचा हा एक नमुना. मुद्दा असा की, ज्या मुलांना घ्यायचे त्यांपैकी काहींना गोल्ड कोस्टच्या प्रशिक्षकाला वहीवाल्या पारख्याच्या नजरेने कठड्यावरून पाहण्याची गरज उरली नव्हती. ती मुले ज्या स्पर्धेत खेळत होती त्याच स्पर्धेत तो स्वतःच्या संघासह उतरला होता, त्या मैदानांवर, त्या पंचांसमोर, त्या थंडीत आणि त्या वेगात. खेळाडू निवडण्याचा हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय, आणि टीएसी कपच्या वर्षाने क्लबाला दिलेला सर्वांत मोठा लाभ मी यालाच समजतो.

विमान, थंडी आणि मथळे

हंगामाचे दैनंदिन स्वरूप कसे असेल याची कल्पना नकाशावरून येते. गोल्ड कोस्ट ते मेलबर्न हे हवाई अंतर १३०० किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे पुण्याहून दिल्लीला जावे त्याहून थोडे अधिक. इतर संघांची मुले आई-वडिलांच्या गाडीतून मैदानावर येत असताना गोल्ड कोस्टच्या मुलांसाठी परगावचा प्रत्येक सामना हा विमानप्रवास होता. समुद्रकाठच्या कोमट हिवाळ्यातून निघून व्हिक्टोरियाच्या ओल्या, बोचऱ्या वाऱ्यात खेळायचे. ओल्या मैदानावर लंबगोल चेंडू साबणाच्या वडीसारखा निसटतो. कोरड्या जमिनीवर वाढलेल्या मुलाची पहिली सवय तो वाकून एका हाताने उचलण्याची असते, आणि ओल्यात मात्र शरीर चेंडूच्या मागे आडवे घालून, दोन्ही हातांनी तो पोटाशी ओढून घ्यावा लागतो. ही गोष्ट सरावात सांगून कळत नाही, दोन-चार वेळा हातून सुटल्यावर आणि अंगावर कोणी आदळल्यावरच ती अंगवळणी पडते.

या प्रवासाचा उपयोग केवळ मुलांना झाला असे नाही. सामान बांधणे, किट वेळेवर पोहोचवणे, दुखापतग्रस्त मुलाला परतीच्या विमानात कसे बसवायचे, प्रवासाच्या दिवशी जेवण काय द्यायचे, परतल्यावर दुसऱ्या दिवशी सराव हलका ठेवायचा की सुट्टी द्यायची, हे सारे नव्या कोऱ्या कार्यालयाला चुकत-माकत शिकायचे होते. एएफएलमध्ये याच चुका हजारो प्रेक्षकांसमोर आणि दूरचित्रवाणीवर झाल्या असत्या. नव्या संस्थेला आपल्या चुका लहान मैदानावर उरकून घेण्याची मुभा मिळणे ही मोठी गोष्ट असते, आणि तिचे मोल जमाखर्चात दाखवता येत नाही म्हणून ती दुर्लक्षित राहते.

जुलै २००९ मध्ये, म्हणजे हा हंगाम चालू असतानाच, ब्रिस्बेन ब्रॉन्कोज या रग्बी लीग क्लबाचा तारांकित खेळाडू कार्मायकल हंट गोल्ड कोस्टकडे येणार असल्याची घोषणा झाली. ज्याने प्रौढपणी हा खेळ व्यावसायिक पातळीवर कधी खेळलेला नाही अशा खेळाडूला दुसऱ्याच खेळातून आणणे हे उघडच प्रसिद्धीचे पाऊल होते, आणि रग्बी लीगच्या राज्यात ते अस्थानी होते असे म्हणता येणार नाही. तिकिटे विकायची तर शहराला ओळखीचा चेहरा हवा. (हंटने पुढे, २०१२ मध्ये, केर्न्समध्ये रिचमंडविरुद्ध वेळ संपल्याचा भोंगा वाजल्यानंतरच्या फटक्यावर सामना जिंकून देऊन टीकाकारांची तोंडे निदान एका रात्रीपुरती बंद केली.) पण त्या महिन्यातले चित्र डोळ्यांसमोर आणण्यासारखे आहे : क्लबाचे प्रत्यक्ष खेळणारे खेळाडू व्हिक्टोरियाच्या उपनगरांत शे-दोनशे लोकांसमोर चिखल तुडवत आहेत आणि क्लबाविषयीचे मथळे, जो अद्याप आलेलाच नाही अशा माणसाचे आहेत.

तुलनेसाठी त्याच शहरातले, त्याच वर्षीचे दुसरे उदाहरण हाताशी आहे. २००९ मध्येच गोल्ड कोस्ट युनायटेड हा सॉकरचा क्लब खाणउद्योजक क्लाइव्ह पामर यांच्या पैशावर देशाच्या सर्वोच्च साखळीत थेट दाखल झाला. प्रौढ, अनुभवी खेळाडू, मोठ्या घोषणा आणि पहिल्याच हंगामात तिसरा क्रमांक. प्रेक्षक मात्र आले नाहीत. खर्च वाचवण्यासाठी मैदानाचा मोठा भाग बंद ठेवून प्रवेशसंख्येवर मर्यादा घालण्यापर्यंत वेळ आली आणि २०१२ मध्ये परवाना रद्द होऊन क्लब संपला. एका बाजूला मालकाच्या पैशाने चढलेली पहिल्या वर्षीची उंची, आणि दुसऱ्या बाजूला संपूर्ण साखळीचे पाठबळ घेऊन मुद्दाम तळाच्या पायरीवर बसलेला क्लब. ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा क्लब टिकला यामागे संथ सुरुवातीपेक्षा साखळीच्या तिजोरीचा वाटा मोठा आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण तिजोरी असूनही घाई न करण्याचा निर्णय हा स्वतंत्र निर्णय होता.

तीन वर्षांत तीन पायऱ्या

आता या योजनेच्या दुखऱ्या जागेकडे येतो. २००९ मध्ये १८ वर्षांखालील मुलांत, २०१० मध्ये व्हिक्टोरियाच्या दुय्यम पातळीवरील प्रौढांच्या साखळीत आणि २०११ मध्ये एएफएलमध्ये, असा हा आराखडा होता. कागदावर तो पायरीपायरीचा दिसतो. प्रत्यक्षात प्रत्येक पायरीची उंची वेगळी होती, आणि शेवटची तर भिंतच होती. या खेळात धडकेला तोंड देणारे अंग तयार व्हायला अठराव्या वर्षानंतर साधारण चार-पाच वर्षे व्यायामशाळेत आणि मैदानावर घालवावी लागतात, असे त्या क्षेत्रात सर्वसाधारणपणे मानले जाते. वय हा असा घटक आहे की तो कोणत्याही सवलतीने, कोणत्याही पाळीने किंवा पैशाने लवकर वाढवता येत नाही. २००९ चा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा २०११ मध्ये एकोणीस-वीसच वर्षांचा होणार, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असलेले गणित होते.

२०१० च्या ड्राफ्टमध्ये गोल्ड कोस्टला पहिल्या तीन आणि त्यापुढे पाच, सात, नऊ, अकरा, तेरा, पंधरा अशा पाळ्या मिळाल्या. डेव्हिड स्वॅलो, टॉम लिंच, डिऑन प्रेस्टिया ही मंडळी त्यातून आली. इतर क्लबांतील करार संपलेले खेळाडू घेण्याची मुभाही होती आणि तिच्यातून जिलाँगचा गॅरी ॲब्लेट हा त्या काळातला सर्वोत्तम समजला जाणारा खेळाडू कर्णधार म्हणून आला. म्हणजे संघात एका टोकाला मुलांची मोठी रांग आणि दुसऱ्या टोकाला थोडेसे पक्व खेळाडू. बावीस ते पंचवीस या, संघाचे ओझे खऱ्या अर्थाने वाहणाऱ्या वयाची मधली फळी मात्र पातळ.

२ एप्रिल २०११ रोजी गाबावर, कारण कॅराराची नवी बांधणी अजून पुरी व्हायची होती, कार्लटनने या संघाला ११९ गुणांनी हरवले. तीन आठवड्यांनी ॲडलेडमध्ये पोर्ट ॲडलेडविरुद्ध ४० गुणांची पिछाडी भरून काढून ३ गुणांनी पहिला विजय मिळाला, तोही भोंग्यानंतरचा प्रतिस्पर्ध्याचा शेवटचा फटका चुकला म्हणून. हंगामअखेर २२ सामन्यांत ३ विजय आणि १७ क्लबांत सतरावा क्रमांक. पुढच्या वर्षी पुन्हा तीनच विजय. दोन्ही हंगामांत या संघाची मुले कौशल्यात कमी पडत होती असे सामने पाहताना वाटत नाही. पहिल्या दोन सत्रांत ती बरोबरीने धावतात आणि मग तिसऱ्या सत्रात, चेंडूभोवतीच्या प्रत्येक झोंबाझोंबीत अर्धे पाऊल मागे पडू लागतात. हे अर्धे पाऊल टीएसी कपमध्ये कधीच मोजले गेले नव्हते, कारण तेथे समोरचाही त्याच वयाचा होता.

साखळीने वेस्टर्न सिडनीतील पुढचा क्लब उभारताना हाच साचा जवळजवळ तसाच वापरला. जीडब्ल्यूएस जायंट्स २०१० मध्ये टीएसी कप खेळले, २०११ मध्ये पूर्व किनाऱ्यावरील दुय्यम साखळीत आणि २०१२ मध्ये एएफएलमध्ये. पहिल्या वर्षी २ विजय, दुसऱ्या वर्षी १. गोल्ड कोस्टचा २०११ चा अनुभव समोर येईपर्यंत जायंट्सची योजना ठरून गेलेली होती, त्यामुळे एकाच्या ठेचेने दुसरा शहाणा होण्याला फारसा वाव राहिला नाही. जायंट्स मात्र २०१६ मध्ये बाद फेरीत आणि २०१९ मध्ये अंतिम सामन्यात पोहोचले. म्हणून कुमार स्पर्धेतील प्रवेश हाच गोल्ड कोस्टच्या पुढच्या दीर्घ वनवासाचे कारण होता, असे म्हणणे टिकत नाही. साचा तोच असून एक क्लब सात-आठ वर्षांत शिखराजवळ गेला आणि दुसरा चाचपडत राहिला.

फरक पडला तो मुलांना राखण्यात. २०१४ च्या जुलैमध्ये ॲब्लेटचा खांदा दुखावला, बऱ्यापैकी चाललेला हंगाम घसरला, १० विजय मिळूनही मॅकेनाला जावे लागले, आणि त्यानंतर एकेक करून घडवलेले खेळाडू बाहेर पडू लागले. २०१५ च्या अखेरीस डिक्सन पोर्ट ॲडलेडला, स्मिथ जिलाँगला आणि प्रेस्टिया पुढच्या वर्षी रिचमंडला. २०१८ मध्ये लिंचही रिचमंडला. प्रेस्टिया आणि लिंच यांनी तेथे अजिंक्यपदे मिळवली. गुडघ्याच्या दुखापतींनी वर्षानुवर्षे मैदानाबाहेर राहिलेला थॉम्पसन मात्र गोल्ड कोस्टलाच चिकटून राहिला. २००९ मध्ये ज्या क्लबाचे वेगळेपण ‘आमची मुले कोठेही जाणार नाहीत’ हे होते, तो एका दशकात, हेतू नसताना, टीएसी कपमधील इतर बारा संघांसारखाच झाला होता : मुले घडवायची आणि दुसऱ्यांच्या हवाली करायची.

माझे मत विचाराल तर चूक पहिल्या पायरीत नसून दुसरीच्या लांबीत होती. कुमार हंगामाने निवड, प्रवास आणि कार्यालयीन घडी या तिन्ही बाबतींत मोबदला दिला. दुय्यम प्रौढ साखळीत एकाऐवजी दोन किंवा तीन वर्षे काढली असती, तर एएफएलमधले ते पहिले चोवीस महिने इतके जिव्हारी लागले नसते आणि सतत हरण्याच्या सवयीतून येणारा निघून जाण्याचा मोहही कदाचित कमी झाला असता. याला प्रतिवाद आहे आणि तो कच्चा नाही : दूरचित्रवाणीचे करार, मैदानाच्या बांधणीसाठी मिळालेला सरकारी पैसा आणि सतराव्या क्लबाचे जाहीर झालेले वेळापत्रक यांना मुलांच्या खांद्यांची रुंदी वाढेपर्यंत थांबणे परवडणारे नव्हते.

गोल्ड कोस्ट पहिल्यांदा बाद फेरीत पोहोचला तो २०२५ मध्ये, एएफएलमधील पंधराव्या हंगामात, डेमियन हार्डविक यांच्या मार्गदर्शनाखाली. पर्थमध्ये फ्रीमँटलविरुद्धचा तो सामना त्याने अवघ्या एका गुणाने जिंकला, आणि तो गुण देणारा फटका होता २०१० च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या पाळीने आलेल्या, मधल्या सगळ्या पडझडीत न हललेल्या डेव्हिड स्वॅलोचा. त्याने मधल्या खांबांचा नेम धरला होता. चेंडू बाजूने गेला, पण एक गुण पुरेसा ठरला.

दरम्यान क्लबाने स्वतःची अकादमी उभी केली आहे. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये जेड वॉल्टर, ईथन रीड, जेक रॉजर्स आणि विल ग्रॅहम या अकादमीतल्या चौघांना पहिल्याच फेरीत क्लबाने आपल्याकडे ओढून घेतले. टीएसी कपचे नाव प्रायोजकांबरोबर दोनदा बदलले, पण स्पर्धा तीच आहे, आणि गोल्ड कोस्टचा अकादमी संघ अजूनही तिच्यातले काही सामने खेळतो. या संघातली चांगली मुले वर्षअखेरीस आपल्याच क्लबात राहावीत यासाठी आता नियमात तरतूद आहे. दुसऱ्या क्लबाने नाव पुकारले तरी गोल्ड कोस्ट पुढच्या पाळ्या मोजून त्या मुलाला स्वतःकडे ठेवू शकतो.